वाचकांचे प्रश्न : कंपनीच्या संगणकावरचे सुरक्षा सॉफ्टवेअर

कार्यालयीन संगणकावर कंपनीने बसवलेले सुरक्षा सॉफ्टवेअर नेमके काय करते, अशी विचारणा करणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात पूर्वी साधा अँटिव्हायरस होता. तो काढून आता ईडीआर नावाचे काहीतरी बसवले आहे. त्याचे स्कॅन चालू झालेले कधी दिसत नाही, कसली सूचनाही येत नाही. मग ते काम तरी काय करते? (लेखा विभागातील एक वाचक)

उत्तर : जुना अँटिव्हायरस मुख्यतः फाइल तपासत असे. एखादा घातक प्रोग्रॅम हाती लागला की सुरक्षा कंपनीचे विश्लेषक त्यातील वैशिष्ट्यपूर्ण बाइटक्रम किंवा त्याचा हॅश नोंदवून ठेवत, आणि ती नोंद, म्हणजे सिग्नेचर, अपडेटबरोबर सर्व ग्राहकांच्या संगणकांवर पोचत असे. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. एसएचए-२५६ या पद्धतीत ती सहसा ६४ अंकाक्षरांत लिहितात. ही पद्धत वेगवान आहे आणि ओळखीच्या धोक्यांसाठी आजही वापरली जाते. परंतु फाइलमधला एक बाइट बदलला तरी सगळा हॅश बदलतो, आणि प्रत्येक लक्ष्यासाठी वेगळी फाइल तयार करून देणारी साधने हल्लेखोरांकडे कधीपासून आहेत. त्याहून मोठी अडचण अशी, की आजच्या बऱ्याच हल्ल्यांत घातक म्हणावी अशी फाइलच नसते. विंडोजबरोबर येणारी पॉवरशेल (आज्ञा लिहून संगणकाकडून कामे करून घेण्याचे साधन), सर्टयूटिल, रनडीएलएल३२ यांसारखी साधने मायक्रोसॉफ्टचीच असतात, आणि हल्लेखोर त्यांच्याच मदतीने आपले काम उरकतो. ती सरसकट बंद करावीत, तर आयटी विभागाचेच काम अडते.

ईडीआर, म्हणजे ‘एंडपॉइंट डिटेक्शन अँड रिस्पॉन्स’, फाइल कशी आहे यापेक्षा संगणकावर काय घडते आहे याकडे अधिक लक्ष देते. तुमच्या विभागातलेच उदाहरण घेऊ. पुरवठादाराच्या नावाने थकीत बिलाचा ईमेल येतो. सोबतची वर्ड फाइल उघडली जाते आणि तिच्यातील मॅक्रोला, म्हणजे फाइलमध्येच असलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, परवानगी दिली जाते. मॅक्रो पॉवरशेल सुरू करतो. त्याला दिलेली आज्ञा बेस-६४ या सांकेतिक रूपात असते आणि तिची खिडकी लपवलेली असते, त्यामुळे बिल उघडणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. पॉवरशेल एका अनोळखी सर्व्हरवरून आणखी मजकूर आणतो आणि दर तासाला आपोआप चालेल असे एक शेड्यूल्ड टास्क तयार करून ठेवतो. यातील प्रत्येक कृती सुटी पाहिली तर निर्दोष ठरू शकते, कारण पॉवरशेल रोज चालतो, सर्व्हरशी जोडण्या रोज होतात आणि शेड्यूल्ड टास्क तर विंडोज स्वतःच डझनांनी ठेवते. मात्र वर्डने पॉवरशेल सुरू करावा, त्याने तोंड लपवून बाहेर संपर्क साधावा आणि लगेच स्वतःच्या पुनरागमनाची सोय करावी, याला बिल वाचण्याच्या कामात काही प्रयोजन नाही. ईडीआर प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, कोणी सुरू केली, कोणत्या आज्ञेने केली आणि तिने पुढे कोणाला सुरू केले, याची वंशावळ ठेवते आणि संशय त्या साखळीवर घेते. (इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केल्यामुळे हा मार्ग बराच अरुंद झाला आहे. हल्लेखोर आता झिपमध्ये दडवलेल्या शॉर्टकट फाइलींसारखे इतर मार्ग वापरतात. पुढची साखळी बहुधा तीच असते.)

सांकेतिक रूपातली आज्ञा सुरक्षा सॉफ्टवेअरला वाचता कशी येते, असा प्रश्न येथे पडेल. त्यासाठी २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ‘अँटिमालवेअर स्कॅन इंटरफेस’ ही सोय आली. आज्ञेवर कितीही आवरणे चढवली तरी ती चालवण्यापूर्वी पॉवरशेलला ती उलगडावीच लागते, आणि उलगडलेला मजकूर या सोयीमार्फत त्याच क्षणी सुरक्षा सॉफ्टवेअरपुढे तपासणीला ठेवला जातो. अर्थात हल्लेखोरही मग आधी ही सोयच निकामी करण्याच्या मागे लागतात, आणि तसा प्रयत्न होणे हाच पुन्हा संशयाचा मोठा पुरावा ठरतो.

या सर्व नोंदी एजंट, म्हणजे ईडीआरचा संगणकावर चालणारा भाग, कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे किंवा क्लाउडकडे पाठवत राहतो. तेथे त्या इतर संगणकांच्या नोंदींशी जुळवल्या जातात आणि मायटर या संस्थेने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ‘अटॅक’ या हल्लेतंत्रांच्या सूचीप्रमाणे त्यांचे वर्गीकरण होते. तुम्हाला स्कॅन दिसत नाही याचे कारण एवढेच, की ठरावीक वेळी सगळी डिस्क चाळण्याऐवजी ही तपासणी प्रत्येक घटनेच्या वेळीच होते आणि इशारे तुमच्या पडद्यावर न येता सुरक्षा विभागाच्या पडद्यावर जातात.

प्रश्न : २०२४ मध्ये अशाच एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे जगभरचे संगणक बंद पडले होते. संरक्षणासाठी बसवलेली वस्तू संपूर्ण यंत्रणा बंद पाडू शकते, हे कसे? एवढे अधिकार तिला देणे योग्य आहे का? (एका विमा कंपनीतील वाचक)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर या सॉफ्टवेअरच्या जागेत आहे. आपण वापरतो ते ब्राउझर, वर्ड, एक्सेल हे प्रोग्रॅम संगणकाच्या मर्यादित अधिकारांच्या कक्षेत चालतात. त्यांपैकी एखादा कोसळला तर तेवढाच बंद होतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, मात्र पूर्ण अधिकारांनी चालतो. प्रत्येक फाइल उघडली जाताना, प्रत्येक प्रोसेस जन्माला येताना मध्ये थांबून ‘हे होऊ द्यायचे की नाही’ हे ठरवायचे असेल, तर त्या वाटेवरच उभे राहावे लागते, आणि विंडोजमध्ये ती वाट कर्नेलमधून जाते. म्हणून या सॉफ्टवेअरचा एक भाग ड्रायव्हरच्या रूपाने कर्नेलमध्ये असतो. इतर ड्रायव्हरांच्याही आधी सुरू होण्याची सवलत विंडोज ८ पासून अशा सॉफ्टवेअरला मिळालेली आहे. याची दुसरी बाजू अशी, की कर्नेलमधील कोडने मेमरीत एक चुकीचे पाऊल टाकले तर विंडोज पुढे चालू राहण्याचा धोका पत्करत नाही आणि निळा पडदा दाखवून थांबते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या ईडीआर बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हेच घडले. त्या दिवशी पाठवलेली वस्तू नवा प्रोग्रॅम नव्हता, तर हल्ले ओळखण्याच्या नियमांची एक फाइल होती, ‘चॅनल फाइल २९१’. नियमांच्या त्या प्रकारात २१ निवेश (इनपुट) अपेक्षित होते, पण ते पुरवणारा कोड २० च देत होता. नव्या नियमाने एकविसाव्याकडे बोट दाखवताच ड्रायव्हरने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि संगणक कोसळला. फाइल ०४:०९ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) निघाली आणि ०५:२७ ला मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सापडले. मॅक आणि लिनक्सवर तिचा परिणाम झाला नाही. चूक सापडायला वेळ लागला नाही. निस्तरायला लागला, कारण सुरू होताहोताच कोसळणाऱ्या संगणकावर दूरून दुरुस्ती पाठवणे अवघड असते. बहुतांश ठिकाणी कोणीतरी प्रत्येक संगणकापुढे बसून, तो सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाइल खोडून टाकावी लागली, आणि डिस्क बिटलॉकरने (डिस्क सांकेतिक करणारी विंडोजची सोय) कुलूपबंद असेल तर आधी तिची ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. काही कंपन्यांमध्ये त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या, तोच सर्व्हर निळ्या पडद्यावर अडकलेला होता.

असे पूर्वीही झाले होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका सिग्नेचर अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली आणि ते संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले.

अधिकार द्यावेत का, याविषयी आमचे मत असे, की कर्नेलला सगळा दोष देणे सोपे आहे, पण अर्धवट आहे. २०२४ मधील खरी उणीव तपासणीची आणि वाटपाची होती. अनेक ग्राहकांनी सावधगिरी म्हणून एजंटची आवृत्ती एक पायरी मागे ठेवली होती; तरीही ते सापडले, कारण नियमांच्या फाइलींना ती पायरी लागूच नव्हती आणि त्या सर्वांकडे एकदमच जात होत्या. तेव्हापासून क्राउडस्ट्राइकने या फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आहे. आपल्या कंपनीच्या आयटी विभागाला विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे : नियमांचे अपडेट आधी मोजक्या संगणकांवर जातात का? जागेचा प्रश्नही सुटण्याच्या मार्गावर आहे. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नेलबाहेर राहून घटनांची माहिती मिळवण्याची सोय दिली आणि मायक्रोसॉफ्टही त्याच दिशेने काम करत आहे.

प्रश्न : कार्यालयीन लॅपटॉपवर मी कधीकधी खासगी ईमेल आणि व्हॉट्सॲप वेब उघडते. कंपनीला माझे संदेश वाचता येतात का? (नाव न देण्याची विनंती)

उत्तर : ईडीआरच्या नेहमीच्या नोंदींत कोणता प्रोग्रॅम कधी सुरू झाला, त्याची पूर्ण आज्ञा काय होती, तो कोणत्या पत्त्याशी जोडला गेला, कोणत्या संकेतस्थळाचे नाव शोधले गेले, कोण लॉगिन झाले, कोणता पेन ड्राइव्ह लावला, अशी माहिती असते. संदेशाचा मजकूर, पडद्याची छायाचित्रे किंवा दाबलेल्या कळा तिच्यात सहसा नसतात. तसे टिपणारी कर्मचारी-देखरेखीची सॉफ्टवेअर वेगळी असतात. थोडक्यात, तुम्ही व्हॉट्सॲप वेब अमुक वेळी उघडले एवढे कळू शकते, आत काय लिहिले ते बहुधा नाही.

तरीही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बऱ्याच ईडीआर प्रणालींमध्ये सुरक्षा विभागाला दूरून लॅपटॉपवर आज्ञा चालवण्याची आणि एखादी फाइल मागवून घेण्याची सोय असते. ती चौकशीसाठी असते आणि तिच्या वापराचीही नोंद होते, पण सोय आहे. दुसरे, काही कंपन्या ब्राउझरमधील सांकेतिक वाहतूक मध्येच उघडून तपासतात. त्यासाठी लॅपटॉपवर कंपनीचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांना मान्यता देणारे) बसवलेले असते. ब्राउझरच्या पत्त्याशेजारील चिन्हावरून संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडून पाहावे. ते देणाऱ्याच्या जागी तुमच्या कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचे नाव दिसले, तर ही तपासणी चालू आहे असे समजावे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा आधार येथे पुरत नाही, कारण ते दोन टोकांमधल्या प्रवासाचे रक्षण करते आणि हा लॅपटॉप स्वतःच एक टोक आहे. पडद्यावर संदेश उलगडलेलाच असतो. तिसरी गोष्ट तांत्रिक काम करणाऱ्यांसाठी : आज्ञा लिहिताना तिच्यातच पासवर्ड लिहिला, तर तो आज्ञेसह मध्यवर्ती नोंदींत जातो आणि बरेच दिवस तेथे राहतो. खासगी पत्रव्यवहार स्वतःच्या फोनवर करणे दोन्ही पक्षांच्या सोयीचे आहे.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर विकसक आहे. प्रकल्प बिल्ड करताना (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना) सुरक्षा एजंटच निम्मा प्रोसेसर खातो. माझा फोल्डर तपासणीतून वगळा, असे सांगितले तर सुरक्षा विभाग नकार देतो. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. फाइल उघडताना होणारी तपासणी एकट्या मोठ्या फाइलीला जड जात नाही, कारण एकदा तपासलेली फाइल बदलेपर्यंत बहुतेक उत्पादने तिचा निकाल लक्षात ठेवतात. बिल्डमध्ये मात्र काही मिनिटांत हजारो छोट्या फाइली नव्याने तयार होतात, आणि एजंटच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येक फाइल अनोळखी असते. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पातील ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको.

नकाराचे कारणही खरे आहे. वगळलेला फोल्डर म्हणजे हल्लेखोराला आयती मिळालेली लपण्याची जागा, आणि बाहेरून आणलेली पॅकेजेस येऊन पडतात तीही नेमकी तेथेच. फोल्डर वगळण्याऐवजी ठरावीक कंपायलर प्रोसेसने उघडलेल्या फाइलींपुरती सूट द्यावी, आणि वर्तनावरची नजर कायम ठेवून केवळ फाइल उघडतानाची तपासणी सैल करावी, असा मधला मार्ग अनेक उत्पादनांत उपलब्ध असतो. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ‘डेव्ह ड्राइव्ह’ नावाचा वेगळा विभाग करता येतो. त्यावर डिफेंडर, म्हणजे विंडोजचेच सुरक्षा सॉफ्टवेअर, फाइल अडवून न ठेवता आधी उघडू देते आणि तपासणी मागाहून करते. सुरक्षा विभागाकडे ‘फोल्डर वगळा’ अशी मागणी घेऊन जाण्यापेक्षा, एजंटला सर्वाधिक काम कोणत्या प्रोसेसमुळे पडते याची मोजणी घेऊन गेल्यास ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते.

संगणकावर चुकून दोन सुरक्षा उत्पादने एकाच वेळी चालू नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. विंडोजच्या साध्या आवृत्तीत दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर आपणहून बाजूला होते. सर्व्हर आवृत्तीत तसे आपोआप होत नाही, आणि तेथे दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसलेले आढळतात.

प्रश्न : वर्षानुवर्षे वापरात असलेली माझी मॅक्रो असलेली एक्सेल फाइल एका सकाळी गायब झाली. ती परत मिळेल का?

उत्तर : बहुधा मिळेल. संशयित फाइल सहसा खोडली जात नाही. तिचे रूप सांकेतिक करून, म्हणजे ती चालू शकणार नाही अशा अवस्थेत, क्वारंटाइनमध्ये ठेवली जाते, पण ठरावीक मुदतीपर्यंतच. म्हणून फाइलचे नाव, ठिकाण आणि गायब झाल्याची वेळ कळवून लगेच मागणी नोंदवावी. जुनी प्रत दुसऱ्या नावाने ठेवून पाहणे, किंवा ती झिप करून स्वतःला ईमेल करणे, हे उपाय करू नयेत. त्यामुळे साध्या गैरसमजाचे रूपांतर संशयास्पद वर्तनात होते. मॅक्रो कामासाठी आवश्यकच असेल तर त्याला कंपनीच्या प्रमाणपत्राने डिजिटल सही करून घेणे हा टिकाऊ मार्ग आहे.

प्रश्न : सर्व संगणकांवर नामांकित सुरक्षा सॉफ्टवेअर असूनही आमच्या ओळखीच्या एका कंपनीचा सगळा डेटा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी डेटा अडकवणारा घातक प्रोग्रॅम) कुलूपबंद केला. मग खर्च करून उपयोग काय? (एका लघुउद्योगाचे व्यवस्थापक)

उत्तर : त्या कंपनीत काय घडले हे तपशील हाती आल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशा घटनांची कारणे फारशी वेगवेगळी नसतात. ‘सर्व संगणकांवर’ हे शब्द आधी तपासावेत. कोणाच्या यादीत नसलेला जुना सर्व्हर, ठेकेदाराचा लॅपटॉप, यंत्राला जोडलेला आणि कोणी हात न लावलेला संगणक, यांवर एजंट नसतो. हल्लेखोर तेथे बसून इतरांच्या सामायिक फोल्डरमधील फाइली नेटवर्कवरूनच कुलूपबंद करतो. दुसरे कारण चोरलेला पासवर्ड. खऱ्या नावाने लॉगिन झालेला माणूस आणि चोर यांतला फरक पहिल्या काही मिनिटांत सॉफ्टवेअरला ओळखता येतोच असे नाही.

तिसरे कारण अधिक बेरकी आहे. एजंट सहज बंद करता येऊ नये म्हणून त्याला छेडछाडीपासून संरक्षण असते. संगणकाचा प्रशासक असलात तरी तो काढायला वेगळा संकेत लागतो. हे ओलांडण्यासाठी हल्लेखोर एखाद्या प्रतिष्ठित कंपनीचा जुना, सदोष पण वैध सही असलेला ड्रायव्हर सोबत आणतात, त्यातील दोषाचा फायदा घेऊन कर्नेलमध्ये शिरतात आणि तेथून एजंटचा गळा आवळतात. अशा ड्रायव्हरांची काळी यादी विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून मुळातच चालू असते. जुन्या संगणकांवर ती मुद्दाम चालू करावी लागते.

आणि बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरने आपले काम केलेले असते, पण पाहणारे कोणी नसते. रॅन्समवेअर कुलूप लावण्यापूर्वी सहसा विंडोजच्या शॅडो प्रती (फाइलींच्या राखून ठेवलेल्या आधीच्या प्रती) खोडते, बॅकअपची सेवा थांबवते, लॉगिनच्या गुपितांसाठी एलसॅस या प्रोसेसची मेमरी वाचू पाहते. यातील प्रत्येक पावलावर इशारा निघतो. तो शुक्रवारी रात्री निघाला आणि सोमवारी सकाळी वाचला गेला, तर मधल्या दोन दिवसांत हल्लेखोराचे काम पूर्ण झालेले असते. म्हणून खरेदी करताना सॉफ्टवेअरच्या किमतीबरोबर रात्री आणि सुटीच्या दिवशी इशारे कोण पाहणार याचाही हिशोब करावा. स्वतःची माणसे ठेवणे शक्य नसेल तर ही सेवा बाहेरून घेता येते. अपडेटचे कामही हे सॉफ्टवेअर करत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने वापरलेली त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते.

प्रश्न : काम करताना माझ्या लॅपटॉपचे इंटरनेट अचानक गेले आणि ‘हा संगणक वेगळा ठेवण्यात आला आहे’ अशी सूचना आली. वायफाय चालू होते. मी तो बंद करून पुन्हा चालू केला, तरी फरक पडला नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर : सुरक्षा विभागाने, किंवा त्याने ठरवून दिलेल्या नियमाने, तुमचा लॅपटॉप नेटवर्कवरून विलग केला होता. अशा अवस्थेत एजंट स्वतःच्या मध्यवर्ती सर्व्हरशी असलेली जोडणी ठेवून बाकीची जवळपास सगळी वाहतूक रोखतो, म्हणजे धोका इतरत्र पसरत नाही आणि तपासही चालू ठेवता येतो. हा निर्णय संगणकावर टिकून राहत असल्याने पुन्हा चालू करून तो उठत नाही. उलट, हल्ल्याच्या बऱ्याच खुणा फक्त मेमरीत असतात आणि लॅपटॉप बंद करताच त्या पुसल्या जातात. म्हणून लॅपटॉप चालू स्थितीतच चार्जरला जोडून ठेवावा, त्यातील फाइली पेन ड्राइव्हवर घेऊ नयेत, आणि दुसऱ्या फोनवरून आयटी विभागाला संपर्क साधून सूचनेच्या अगोदरच्या काही मिनिटांत काय उघडले होते ते जसेच्या तसे सांगावे. त्या लॅपटॉपवरून वापरलेले पासवर्ड बदलायला सांगितले गेले, तर ते दुसऱ्या संगणकावरून बदलावेत.